पाणी जिरवायची जागा कशी निवडावी: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की पावसाचं पाणी आवारातच कुठे जिरवायचं हे विचारणारे फोन सुरू होतात. सोसायट्यांचे सेक्रेटरी, वॉर्डातले कार्यकर्ते, शाळांचे शिक्षक, आर्किटेक्चरची मुलं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र मांडले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात लागली तर त्या क्रमांकाकडे पाठवलं आहे. पाणी जिरवणारा वाफा कसा बांधायचा हे इथे फारसं नाही, कारण माझ्या पाहण्यात जी कामं फसली त्यांतली बहुतेक जागा निवडतानाच फसली होती.

१. ताई, रेन गार्डन, पाझर चर, शोषखड्डा हे सगळं एकच का?

हेतू एकच. छपरावरून, रस्त्यावरून धावणारं पावसाचं पाणी गटारात जाण्याआधी थांबवायचं, जमेल तेवढं मुरवायचं, उरलेलं हळूहळू सोडायचं. रेन गार्डन म्हणजे आजूबाजूपेक्षा वीतभर खोल ठेवलेला वाफा, खाली वाळूमिश्रित माती, वर पाण्यात आणि कोरड्यात दोन्हीकडे तगणारी झाडं. पाझर चर म्हणजे खडीने भरलेला लांबट खंदक, कुंपणाच्या कडेने जातो. शोषखड्डा गावाकडे सगळ्यांनी पाहिलेला असतो; इथे त्यात सांडपाणी जात नाही, एवढा फरक. शिवाय पाणी झिरपू देणारी फरसबंदी आणि गच्चीवरची बाग. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपण डोंगरउताराच्या शेतीसाठी ऐकत मोठे झालो. शहरात तेच करायचंय, पण जागा टीचभर आणि जमिनीखाली केबलींचं जाळं.

२. एवढं करून मुंबईत पाणी तुंबायचं थांबणार आहे का?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला १०० मिमीसुद्धा नव्हता. तसल्या पावसाला कुठलाही वाफा पुरणार नाही, आणि पुरेल असं सांगणाऱ्याकडून काम करून घेऊ नका.

पण आपली दर वर्षीची अडचण त्या एका दिवसाची नसते. शहराच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, तेही ओहोटी असेल तर. ही क्षमता ५० मिमीपर्यंत न्यायचं १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड (मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या) अहवालात सुचवलं गेलं आणि २००५ च्या पुरानंतर त्या कामाने जोर धरला. तरी एका तासात ६० मिमीची सर आली आणि नेमकी भरती असली की रस्त्यावर गुडघाभर पाणी. त्या सरीतले पहिले २०-२५ मिमी ज्याच्या त्याच्या आवारात दोन-तीन तास धरून ठेवले, तर गटारावरचा भार नेमक्या त्याच वेळी उतरतो. आपण करतोय ते एवढंच, आणि एका लेनमधल्या सात-आठ सोसायट्यांनी केलं तर ते छोटं नाही. नालेसफाई आणि पंपिंग स्टेशन मात्र लागणारच.

३. आमच्या गेटसमोरच पाणी साचतं. मग तिथेच खड्डा घेऊन जिरवायचं ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं असतं.

पाणी साचतं ती जागा परिसरात सगळ्यात खोल असते. तिथवर पोचेपर्यंत ते दहा आवारांचं पाणी झालेलं असतं. सोबत गाळ, प्लास्टिक, ऑइल आलेलं असतं. जमीन आधीच तुडुंब भरलेली असते. जुलैत अशा ठिकाणी हातभर खणलं की खालूनच पाणी लागतं. भरलेल्या हंड्यात आणखी ओतून काय होणार? जागा शोधायची ती वरच्या अंगाला, पाणी जिथून निघतं तिथे.

गोरेगाव पूर्वेच्या एका सोसायटीत मला गेटजवळची जागा दाखवायला बोलावलं होतं. जुलैतली सकाळ, सर चांगली जोरात होती. गेटवर घोटाभर पाणी आणि सगळ्यांचं बोट रस्त्याकडे. मी छत्री घेऊन इमारतीच्या मागे गेले. तिथे गच्चीचे चार इंची दोन पाइप भिंतीवरून खाली येऊन थेट पेव्हर ब्लॉकवर ओतत होते. पाणी पाइपच्या तोंडाशी फेसाळत होतं आणि तिथून जिन्याला वळसा घालून सरळ गेटकडे निघालं होतं. त्या पाइपांच्या पायथ्याशी स्कूटर लावायची जागा होती. वाफा तिथे झाला. गेटपाशी एक कुदळही मारावी लागली नाही.

दादर-परळच्या मध्ये पाणी साचणाऱ्या हिंदमाता चौकाचंही असंच पाहा. चौक बशीसारखा खोल. तिथलं पाणी धरून ठेवायला महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या त्या चौकाखाली बांधल्या नाहीत, तर दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात बांधल्या.

अपवाद एकच. साचणारं पाणी फक्त तुमच्याच आवारातलं असेल, आणि प्रश्न ६ मधली चाचणी तिथे पार पडली, तर साचतं तिथेच जिरवायला हरकत नाही.

४. पाणी कुठून येतं हे कसं ओळखायचं? सर्व्हे करून घ्यावा लागतो का?

आधी एक पावसाळी सकाळ द्या, सर्व्हेचं नंतर पाहू. जोराची सर सुरू झाल्यापासून अर्धा तास आवारात फिरा. गच्चीचे पाइप मोजा, कुठला कुठे सोडलाय ते लिहा. सुकी पानं कोणत्या बाजूला वाहतात ते पाहा. पाणी पातळ असलं की उतार डोळ्यांना दिसत नाही, पानांना कळतो. फोनवर व्हिडिओ घ्या, कमिटीसमोर शंभर शब्दांपेक्षा तो बोलतो. सर ओसरल्यावर गाळाची रेघ भिंतीवर कुठवर आली तिथे खडूने खूण करा.

पाऊस नसेल तर वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या आजींना विचारा. कुठली पायरी आधी बुडते हे त्यांना पाठ असतं. जागेचं जुनं नावही पुष्कळ सांगतं. पायधुणी, उमरखाडी, धोबी तलाव या नावांत पाणी आहे, तिथे कधीकाळी खाडी किंवा तळं होतं. खेतवाडी, फणसवाडी ही लागवडीच्या जमिनीची नावं. नावावरून निर्णय घेऊ नये, पण कुदळ कुठे मारून पाहायची ते ठरवता येतं.

मोठं आवार, शाळा किंवा मैदान असेल तर मग पातळ्यांचा सर्व्हे करून घ्याच.

५. जागा किती लागते?

सोपा हिशेब: १ चौ. मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी.

समजा गच्ची ५०० चौ. मीटरची आहे आणि २५ मिमीची सर धरायची आहे. १२,५०० लिटर झाले. ओलावा आणि शिंतोडे वजा जाता ११,००० लिटरच्या आसपास हातात येतं, म्हणजे मोठा टँकर भरून. वाफा ४० चौ. मीटरचा, २० सेंमी खोल ठेवला तर वर ८,००० लिटर उभं राहतं. खाली ६० सेंमी सैल माती असेल तर तिच्या पोकळ्यांत कोरड्या दिवसांत आणखी ६,००० लिटर मावतं. जुलैत माती आधीच ओली असते म्हणून त्यातलं निम्मंच धरायचं. ८ आणि ३ मिळून ११ हजार. जमलं.

४० चौ. मीटर म्हणजे तीन गाड्यांची पार्किंगची जागा. हे मी मुद्दाम असं सांगते, कारण सभेत चौरस मीटर कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत आणि पार्किंग लगेच येतं. मग वाद होतो, आणि तो काम सुरू व्हायच्या आधीच झालेला बरा. एवढी जागा नसेल तर दोन-तीन लहान वाफे करा, प्रत्येक पाइपाला एक. वाफ्याचा आकार, पाणी जिथून येतं त्या पक्क्या भागाच्या ५ ते १० टक्के असला की साधारण गणित बसतं. त्याहून लहान असला तर पहिल्या दहा मिनिटांत भरून वाहू लागतो.

६. आमची जमीन पाणी पिते का हे घरच्या घरी तपासता येतं का?

येतं, आणि तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. फावड्याने बाजू गुळगुळीत होतात, त्या खुरप्याने खरवडा, नाहीतर जमीन पाणी पीत नाही असं उगाच वाटतं. खड्डा भरून पूर्ण जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, पट्टी उभी करा आणि दर तासाला पातळी लिहा.

तासाला १३ मिमीपेक्षा कमी उतरत असेल तर ती जागा नुसत्या मुरवण्याच्या भरवशावर घेऊ नका. खालून सच्छिद्र पाइप काढून जवळच्या पर्जन्य जलवाहिनीच्या चेंबरला जोडावा लागेल. २५ मिमीच्या वर असेल तर उत्तम. खड्ड्याच्या बाजूंनीही पाणी झिरपतं, त्यामुळे आलेला आकडा निम्मा करूनच हिशेब धरा.

खाली काय लागेल? टेकड्यांजवळ मुरूम आणि त्याखाली काळा बसाल्ट, सखल भागात खाडीची चिकट काळी माती, आणि बाकी बऱ्याच ठिकाणी भरणी. मुंबई सात बेटं जोडून उभी राहिली आहे, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन प्लॉटांत जमीन वेगळी निघू शकते. शेजारच्या सोसायटीचा निकाल उसना घेऊ नका.

आणखी एक. पाणी फार पटकन गायब झालं तरी खूश होऊ नका. चेंबूरला एका खड्ड्यात दहा मिनिटांत सगळं पाणी उतरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी लिफ्टच्या खड्ड्यात ओल आली. खणून पाहिलं तर खाली जुन्या बांधकामाचं डेब्रिज: लाद्या, प्लास्टरचे तुकडे, मधे हात जाईल एवढ्या पोकळ्या. पाणी मुरत नव्हतं, वाट काढत होतं. आम्ही वाफा तिथून हलवला.

७. ही चाचणी मे महिन्यात करावी की पावसात?

दोन्ही वेळा. मेमधली कोरडी जमीन अधाशासारखी पिते आणि फसवते. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात येतो आणि त्या दिवसांत भूजल पुष्कळ वर येतं. म्हणून मेमध्ये खड्डा घेतलात तर तो नीट झाकून ठेवा आणि जुलैच्या मध्यावर उघडून पाहा. तळाशी आपोआप पाणी आलं असेल तर वाफ्याचा तळ त्या पातळीच्या निदान २ ते ३ फूट वर राहिला पाहिजे. तेवढी उंची मिळत नसेल तर जागा बदला किंवा प्रश्न ८ पाहा.

८. आम्ही खाडीजवळ राहतो. आमच्याकडे हे होणारच नाही का?

मुरवणं जवळजवळ नाही, धरून ठेवणं होईल. खाडीकाठी भूजल उथळ असतं, खारं असतं आणि भरतीबरोबर वरखाली होतं. शिवाय शहरातल्या बऱ्याच पर्जन्य जलवाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणजे ऐन भरतीत पाइपानेही पाणी बाहेर पडत नाही. ४.५ मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी सोसायटीच्या बोर्डावर लावा. तुमच्या जागेची खरी परीक्षा त्या दिवशी असते. अशा ठिकाणी गच्चीवरच्या टाक्या, जमिनीच्या वर ठेवलेले, तळ पक्का बांधलेले वाफे आणि गच्चीची बाग यांवर भर द्यायचा. पाणी चार तास थांबवलं आणि ओहोटीला सोडलं तरी काम झालं.

कांदळवनात किंवा त्याच्या लगतच्या ५० मीटरांत ‘हिरवं’ काम म्हणूनही माती हलवू नका. तिथे उच्च न्यायालयाचे कडक आदेश आहेत, आणि कांदळवन स्वतःच आपल्यापेक्षा चांगलं काम करतंय.

९. आमची सोसायटी टेकडीच्या उतारावर आहे. वरच्या बाजूला मोकळी जागा भरपूर आहे, तिथे घ्यायचं?

प्रश्न ३ मध्ये मी ‘वर जा’ म्हटलं, म्हणून हा प्रश्न येतो. उतार तीव्र असेल किंवा खाली संरक्षक भिंत असेल तर तिथे पाणी मुरवू नका. मुळीच नाही. मुरलेलं पाणी मातीचं वजन वाढवतं, भिंतीमागे दाब वाढवतं, आणि भिंतीच्या खाली घरं असतात. २ जुलै २०१९ ला मध्यरात्रीनंतर मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून झोपेत माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये माहुल आणि विक्रोळीत तेच पाहिलं. भांडुप, विक्रोळी पार्कसाइट, साकीनाका, घाटकोपर अशा टेकड्यांवर राहणाऱ्यांनी हे उत्तर सगळ्यात आधी वाचावं.

तिथे करायचं ते असं: वरचं पाणी पक्क्या, उघड्या चरातून बाजूने सुरक्षित उतरवायचं, भिंतीची पाणी निघायची भोकं बुजलेली असतील तर मोकळी करून घ्यायची, आणि जिरवायची जागा टेकडी संपून जमीन सपाट झाल्यावर बघायची. उतार ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २० फुटांत एक फूट, इतका असेल तर वाफे चालतात. त्यापुढे भूतंत्रज्ञ अभियंत्याला जागेवर आणल्याशिवाय एकही खड्डा नको.

१०. इमारतीच्या पायाला धोका नाही ना? आमच्याकडे तळघर आहे.

पायापासून निदान १० फूट लांब ठेवा आणि वाफ्याचा उतार इमारतीपासून दूर जाणारा असू द्या. तळघर, लिफ्टचा खड्डा, जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी यांच्या बाबतीत अंतर आणखी वाढवा. टाकीला तडा असेल तर वाफ्यातलं पाणी तुमच्या नळात येऊ शकतं. नव्या टॉवरमध्ये ज्याला आपण बाग म्हणतो ती बहुतेकदा पोडियमच्या स्लॅबवर असते. तिथे खाली जमीनच नाही, त्यामुळे मुरवायचा प्रश्न येत नाही. जुन्या, धोकादायक ठरवलेल्या इमारतीत किंवा पुनर्विकास ठरलेल्या प्लॉटवर थांबा. जे करायचं ते नव्या नकाशात घालून घ्या.

११. एक मोठं झाड आहे, त्याच्याखाली छान जागा आहे. तिथे वाफा?

झाडाच्या पसाऱ्याखाली खणू नका. मुळं तुटतात आणि पुढच्या वादळात झाड पडतं. मुंबईत पावसाळ्यात माणसं झाड अंगावर पडूनही दगावतात. झाडासाठी एवढंच करा, की बुंध्याभोवतीचं काँक्रीट हाताने फोडून निदान मीटरभर माती मोकळी ठेवा. तीच तुमची पहिली पाणी जिरवायची जागा. तोडणं, छाटणं, हलवणं यातलं काहीही करायचं झालं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते.

१२. डास होतील, असं सभेत सगळे म्हणतात. काय उत्तर द्यायचं?

भीती खोटी नाही, म्हणून हसण्यावारी नेऊ नका. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. ४८ तासांत कोरडा होणारा वाफा डास घडवत नाही. अडचण आपल्या हवामानाची आहे. परदेशातल्या पुस्तकांत सर येते आणि मग चार दिवस ऊन असतं. इथे जुलैत रोज पाऊस. वाफा कागदावर ३० तासांत उतरतो, पण रोज भरत राहिला तर दोन आठवडे ओलाच. म्हणून मुंबईत मी जवळ पर्जन्य जलवाहिनीचं चेंबर असलेली जागाच आधी बघते. चेंबरचा तळ वाफ्याच्या तळापेक्षा खाली असला पाहिजे. झाकण उघडून दोरीने मोजा. म्हणजे खालचा पाइप चालू ठेवता येतो. आणि हो, आवारातल्या कुंडीखालच्या बशा, पडीक टायर आणि टाकीची उघडी झाकणं आधी बघा. बहुतेक वेळा डास तिथले असतात.

१३. कुंपणाला लागून गटार आहे, त्याचं पाणी वाफ्यात घेता येईल का?

एप्रिलमध्ये त्या गटारात डोकावा. पाऊस नसताना ते वाहत असेल तर ते पावसाचं गटार उरलेलं नाही, त्यात कुणाचं तरी सांडपाणी येतंय. असं पाणी वाफ्यात घेऊ नका. वास येतो, माती चिकटून बंद पडते आणि लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका दारात येतो. आधी ती जोडणी शोधून वॉर्ड ऑफिसला तक्रार करा.

गॅरेज, पेट्रोल पंप, भंगाराचं गोदाम, जुनं कारखान्याचं आवार इथलं पाणीही मुरवायचं नाही. तेल आणि जड धातू जमिनीत उतरले की परत काढता येत नाहीत.

१४. आवारात जुनी विहीर आहे. सगळं पाणी तिच्यात सोडलं तर?

फक्त गच्चीचं, आणि तेही गाळून. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, कारण त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण असते. रस्त्याचं, पार्किंगचं पाणी विहिरीत कधीही नाही; विहीर म्हणजे भूजलाचा उघडा दरवाजा आहे. जाळीचं घट्ट झाकणही हवं. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला आणि त्यानंतर शहरातल्या कितीतरी विहिरी डासांपायी बुजवल्या गेल्या. तुमची वाचली आहे, तर तिला जपा.

१५. सोसायटीबाहेरच्या फूटपाथवर करायचं असेल तर कोणाला विचारायचं?

आधी जमीन कोणाची ते पाहा. मुंबईत एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन मालकांच्या असू शकतात: महापालिका, म्हाडा, रेल्वे, पोर्ट, जिल्हाधिकारी. सिटी सर्व्हे नंबरावरून मालमत्ता पत्रक काढा आणि विकास आराखड्यात त्या पट्ट्यावर रस्तारुंदी दाखवली आहे का ते बघा. रुंदीकरणात जाणाऱ्या जागेवर पैसे घालू नका.

महापालिकेचा फूटपाथ असेल तर वॉर्ड ऑफिसात परिरक्षण, पर्जन्य जलवाहिनी आणि उद्यान या तीन खात्यांशी बोलावं लागतं. अर्जासोबत प्रश्न ४ मधला व्हिडिओ आणि प्रश्न ६ मधले आकडे जोडा, चर्चा लगेच कामाची होते. जमिनीखाली वीज, गॅस, पाणी, टेलिफोन असणार हे धरूनच चला. नकाशात काहीही असो, हाताने चाचणी खड्डा घेतल्याशिवाय मशीन लावू देऊ नका.

आतल्या जागेला सोसायटीचा ठराव पुरतो, मात्र मंजूर नकाशात ती जागा पार्किंग किंवा अग्निशमन गाडीची वाट म्हणून दाखवली नाही ना, ते तपासा. नव्या इमारतींना २००२ पासून टप्प्याटप्प्याने पर्जन्यजल संधारण बंधनकारक झालं आहे, तेव्हा तुमच्या आवारात आधीचा एखादा खड्डा झाकणाखाली विसरलेला असण्याची शक्यता आहे. आधी तो शोधा आणि साफ करा.

१६. आमच्याकडे पेव्हर ब्लॉक आहेत. फटींतून पाणी जिरतंच की?

एक ब्लॉक उचलून पाहा. खाली वाळू असेल तर थोडं जिरतं. बहुतेक ठिकाणी खाली काँक्रीटचा थर निघतो, आणि मग ते सिमेंटच्या रस्त्याइतकंच बंद असतं. तो थर फोडून खडी-वाळूवर ब्लॉक पुन्हा बसवता येतात. मात्र कचऱ्याची गाडी, टँकर जिथे वळतात तिथे नको, महिन्याभरात खचतं. गाड्या फक्त उभ्या राहतात अशी जागा त्याला योग्य.

१७. शाळेचं मैदान मोठं आहे. पूर्ण मैदानच वापरलं तर?

मैदान मोकळं दिसतं, पण वर्षानुवर्षं पळून, रोलर फिरवून ते फरशीइतकं घट्ट झालेलं असतं. लाल मातीचं असेल तर तिचा बारीक गाळ वाहून येऊन खडीच्या फटी बुजवतो. खेळायची जागा मुलांची, ती तशीच राहू द्या. कडेचा दोन-तीन मीटरचा पट्टा घ्या, त्याच्या आधी गवताचा एक पट्टा ठेवा म्हणजे गाळ तिथेच अडेल. शाळेत जागा निवडायला मुलांनाच लावा. पाचवीच्या वर्गाने कागदी होड्या सोडून काढलेला उताराचा नकाशा मी पाहिला आहे. आमच्या लेव्हलच्या यंत्राशी तो जवळजवळ जुळला.

१८. आम्ही चाळीत राहतो, वस्तीत राहतो. आमच्याकडे जागाच नाही. मग हे सगळं मोठ्या सोसायट्यांसाठीच का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरात पाणी सगळ्यात आधी शिरतं, म्हणून उत्तर नीट देते. वस्ती बहुधा सखल भागात किंवा टेकडीवर असते, म्हणजे प्रश्न ८ आणि ९ मधल्या अडचणी तिथे एकदम येतात. तुमच्या गल्लीत खड्डे खणणं हा त्यावरचा इलाज नाही. वरच्या अंगाला असलेल्या सोसायट्या, शाळा, सरकारी वसाहती आणि बागा यांनी आपलं पाणी धरलं तर फायदा तुम्हाला होतो. त्यामुळे प्रभागात जागा ठरत असतील तेव्हा तुमची मागणी अशी असावी: आमच्या वर कोण आहे ते नकाशावर दाखवा आणि काम तिथून सुरू करा. जागांची यादी करताना मी स्वतः हाच निकष पहिला लावते. कुठल्या जागेमुळे खालच्या किती घरांत पाणी शिरायचं थांबेल ते आधी, दिसायला सुंदर कुठली होईल ते नंतर.

वस्तीत होण्यासारखं: पत्र्याच्या छपराला पन्हळ लावून पाणी पिंपात घेणं, पिंपाला कापड बांधणं, आणि सार्वजनिक शौचालय, समाजमंदिर, बालवाडी यांच्या छपरांचं पाणी टाकीत नेणं.

१९. तीन जागा जमल्या, पैसे एकीपुरतेच आहेत. आधी कुठली?

जिथे पाणी आपोआप, उताराने येतं ती. पंप किंवा लांब पाइप लागणारी जागा कागदावर कितीही मोठी असो, मागे ठेवा. दोन जागा सारख्या वाटल्या तर रोज कुणाची तरी नजर पडते ती घ्या. मागच्या अंगणातला वाफा तीन महिन्यांत कचराकुंडी होतो. जिन्यासमोरच्या वाफ्यात कुणी वेफर्सचं पाकीट टाकलं तर माळीकाका येईपर्यंत कुणीतरी उचलतं. गाळ काढायला वर्षातून दोनदा माणूस आणि घमेलं तिथवर पोचतं का, हेही बघा. झाडांचा विचार शेवटी. वाळा, कर्दळ, लव्हाळा, जागा मोठी असेल तर ताम्हण किंवा अर्जुन. यातलं काहीतरी प्रत्येक जागेत बसतंच.

२०. वाफा केला, पण पहिल्याच जोराच्या पावसात पाणी उतरलं नाही. जागा चुकली का?

लगेच तसं समजू नका. आधी पाणी आत शिरायच्या तोंडाशी बघा. तिथे बांधकामाची वाळू, सिमेंटचा राप किंवा पानांचा थर बसला असेल तर नुसत्या खुरप्याने काम होतं. मग खालच्या पाइपाचं चेंबर उघडा: पाणी येतंय का? चेंबरच भरलेलं असेल तर अडचण बाहेरच्या जलवाहिनीत आहे, त्या वेळी भरती होती का ते तारखेवरून पाहा. चेंबर कोरडं आणि वाफा भरलेला असेल तर मजुरांनी काम करताना माती तुडवून घट्ट केली असणार. पाणी ओसरल्यावर वरची फूटभर माती सैल करा. हे सगळं ठीक असून दोन दिवसांनीही पाणी तसंच उभं असेल, तर प्रश्न ६ मधला खड्डा वाफ्याच्या शेजारी पुन्हा घ्या, यावेळी भर जुलैत, आणि त्याचे तासातासाचे आकडे लिहून ठेवा.